संगणकाच्या गाभ्यांतील चळतीचा माग

आगगाडी रुळावरून घसरली म्हणजे चौकशीसाठीं आलेला अधिकारी प्रथम एकच प्रश्न विचारतो: गाडी येथवर आली कशी? डबा कोठें उलटला हें सर्वांना दिसतच असतें. परंतु कोणत्या सांध्यावरून गाडी ह्या रुळावर आली, तो सांधा कोणीं बदलला, आणि बदलणाऱ्याला हुकूम कोणाचा होता, ही साखळी हातीं आल्यावांचून दोष कोणाचा हें ठरत नाहीं. संगणकाची गोष्टहि अशीच आहे. यंत्र एकाएकीं थांबलें किंवा भलतेंच वागूं लागलें, तर तें कोणत्या आज्ञेपाशीं अडलें एवढें कळून फारसा उपयोग होत नाहीं. ती आज्ञा कोणाच्या सांगण्यावरून चालली होती, त्या सांगणाऱ्याला कोणीं सांगितलें होतें, असें एकेक पायरी मागें जात मूळ कारणापर्यंत पोंचावें लागतें. ह्या मागें जाण्याला संगणकशास्त्रांत 'स्टॅक ट्रेस' म्हणतात. मराठींत त्याला चळतीचा माग म्हणतां येईल. हा माग संगणकाच्या अगदीं गाभ्यांत, यंत्र चालू असतांना आणि त्याला धक्का न लावतां, कसा काढतात तें समजून घेण्यासारखें आहे.

चळत हा शब्द प्रत्येक घरांतला आहे. धुतलेलीं ताटें एकावर एक रचलीं म्हणजे जें ताट शेवटीं ठेवलें तेंच आधीं उचलावें लागतें. संगणकाच्या स्मृतींतहि अशी एक चळत असते. संगणकाचा कार्यक्रम अनेक लहान लहान भागांचा बनलेला असतो; एक नेमलेलें काम करून देणाऱ्या अशा प्रत्येक भागाला 'फंक्शन' म्हणतात. एक फंक्शन आपलें काम अर्धवट ठेवून दुसऱ्याला बोलावतें, दुसरें तिसऱ्याला बोलावतें. पंचतंत्रांत एक गोष्ट सांगतां सांगतां तिच्यांतलें पात्र दुसरी गोष्ट सांगूं लागतें, त्या गोष्टींतलें पात्र तिसरी. आणि तिसरी संपली कीं दुसरीचा धागा जेथें सोडला तेथूनच पुढें चालू होतो. मनुष्य हा धागा लक्षांत ठेवतो. यंत्राला तो लिहून ठेवावा लागतो. म्हणून दुसऱ्या फंक्शनकडे जातांना यंत्र 'परत कोठें यावयाचें' तो पत्ता चळतीवर ठेवतें, आणि काम संपलें म्हणजे वरचा पत्ता उचलून तेथें परत जातें. अशा रीतीनें चळतीवर परतीचे पत्ते एकावर एक सांठत जातात. ते क्रमानें वाचले कीं माग मिळाला.

ही कल्पना नवी नाहीं. इंग्लंडमधील गणिती ॲलन ट्यूरिंग ह्यांनीं १९४५ सालच्या अखेरीस एका स्वयंचलित गणकयंत्राचा आराखडा तयार केला. त्यांत परतीचा पत्ता 'पुरणें' आणि काम झाल्यावर तो 'उकरणें' अशा अर्थाचीं नांवें असलेल्या दोन क्रिया सुचविल्या होत्या. पुढें १९५७ सालीं जर्मनींतील फ्रीड्रिख बाउअर आणि क्लाउस झामेल्झोन ह्यांनीं चळतीच्या तत्त्वावर पेटंटसाठीं अर्ज केला. आज खिशांतल्या दूरध्वनीपासून बँकांच्या मोठ्या यंत्रांपर्यंत ह्या चळतीवांचून कोणाचेंच चालत नाहीं.

आतां गाभा म्हणजे काय तें पाहूं. संगणकावर पत्रें लिहिणारे, हिशेब करणारे, चित्रें दाखविणारे अनेक प्रोग्राम एकाच वेळीं चालतात. त्या सर्वांमध्यें स्मृति, वेळ आणि यंत्रसामग्री वांटून देणारा जो मुख्य प्रोग्राम, त्याला 'कर्नेल', म्हणजे गाभा, असें म्हणतात. १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें आरंभिलेला 'लिनक्स' हा असाच एक गाभा आहे. त्याचा सर्व मजकूर कोणालाहि वाचावयास मोकळा असल्यामुळें येथील उदाहरणें त्यांतूनच घेतलीं आहेत.

सामान्य प्रोग्राम बिघडला तर तो एकटाच बुडतो. त्याला बंद करून पुन्हां चालू करतां येतो. गाभा बिघडला तर त्याच्या आधारावर चाललेलें सर्वच बुडतें. रुग्णालयांतील नोंदी असोत वा रेल्वेचें आरक्षण असो, त्यांच्यामागें कोठें तरी असा एक गाभा अहोरात्र राबत असतो. त्याची चळतहि फार लहान असते. सामान्य प्रोग्रामला लिनक्सवर सहसा आठ मेगाबाइटपर्यंत चळत मिळूं शकते. पण त्याच प्रोग्रामच्या वतीनें गाभा काम करतो तेव्हां इंटेल आणि एएमडी ह्यांच्या ६४ बिटी यंत्रांवर त्याला अवघे १६ किलोबाइट मिळतात. २०१४ पर्यंत ही मर्यादा ८ किलोबाइटच होती. सोळा किलोबाइट म्हणजे आठ बाइटांचीं २,०४८ घरें; एवढ्याशा जागेंत परतीचे पत्ते, मधलीं बेरीज-वजाबाकीचीं फळें आणि तात्पुरत्या नोंदी हें सारें बसवावें लागतें.

ह्या गाभ्यावर पहारा ठेवणारे कांहीं रखवालदार गाभ्यांतच नेमलेले असतात. एखाद्या प्रोसेसरवर गाभ्याचेंच एक काम वीस सेकंदांहून अधिक काळ दुसऱ्या कोणाला संधि न देतां चालू राहिलें, तर एक रखवालदार ओरडतो. प्रोसेसर दहा सेकंद साध्या हांकेलाहि ओ देईनासा झाला, तर दुसरा ओरडतो. एखादें काम १२० सेकंद नुसतें वाट पाहत निजून राहिलें, तर तिसरा. हीं मूळचीं प्रमाणें आहेत. यंत्र सांभाळणाऱ्याला तीं बदलतां येतात. परंतु प्रत्येक वेळीं ओरडण्याबरोबर जो कागद पुढें केला जातो तो चळतीचा माग असतो. त्यांत प्रत्येक ओळीवर एका फंक्शनचें नांव, त्या फंक्शनच्या आरंभापासून परतीचा पत्ता किती दूर आहे तो आंकडा, आणि फंक्शनची एकंदर लांबी दिलेली असते. जाणता मनुष्य तो कागद खालून वर वाचतो: प्रोग्रामनें फाइल वाचावयास मागितली, फाइलींच्या खात्यानें तबकडीच्या खात्याला सांगितलें, तबकडीच्या खात्यानें कुलूप मागितलें, आणि तेथेंच सर्व अडलें.

येथपर्यंत गोष्ट सोपी वाटते. खरी अडचण पुढेंच आहे. वैद्य रोग्याहून निराळा असतो. येथें माग काढणारा प्रोग्राम हा रोग्याच्याच शरीराचा भाग आहे. ज्या गाभ्यांत बिघाड झाला त्याच गाभ्याच्या आज्ञा, त्याचीच स्मृति आणि पुष्कळदां त्याचीच चळत वापरून त्याला चौकशी करावयाची असते. म्हणून त्याच्यावर कडक बंधनें असतात. त्यानें नवी स्मृति मागूं नये, कारण कदाचित् स्मृतीचें खातेंच बिघडलेलें असेल. त्यानें वाट पाहत निजूं नये, कारण त्याला उठविणारा कोणी शिल्लक असेलच असें नाहीं. त्यानें कुलूप मागूं नये. आणि चळतीवर जें लिहिलें आहे तें खरेंच आहे असें कधींहि गृहीत धरूं नये. ह्या चार बंधनांत राहून काढलेला मागच 'सुरक्षित' म्हणावयाचा.

कुलुपाचें बंधन विशेष ध्यानांत घेण्यासारखें आहे. गाभ्यांतील सामायिक नोंदवह्यांवर एका वेळीं एकानेंच लिहावें म्हणून कुलुपें असतात. प्रोसेसर चालतें काम मधेंच थांबवून दुसऱ्या तातडीच्या कामाकडे वळूं शकतो. ह्याला 'इंटरप्ट', म्हणजे व्यत्यय, म्हणतात. नाजूक काम चालू असतांना गाभा असे व्यत्यय कांहीं क्षण बंद ठेवतो. परंतु एक व्यत्यय असा आहे कीं तो नेहमींच्या रीतीनें बंद ठेवतांच येत नाहीं. त्याला 'एनएमआय' म्हणतात. दहा सेकंद ओ न देणाऱ्या प्रोसेसरला जागें करण्यासाठीं हाच उपयोगी पडतो. तो कोणत्याहि क्षणीं येतो, कुलूप लावलेलें असतांनाहि. समजा, एका कारकुनानें कोठीचें कुलूप लावून किल्ली आपल्या खिशांत टाकली आणि त्याच क्षणीं त्याला चौकशीसाठीं जागच्या जागीं उभें केलें. चौकशी करणारा म्हणतो, 'कोठी उघडल्यावांचून चौकशी पुरी होणार नाहीं.' कारकून म्हणतो, 'चौकशी संपल्यावांचून मला हात हलवितां येत नाहीं.' दोघेहि जन्मभर तसेच उभे राहतील. माग काढणारें फंक्शन कुलूप मागूं लागलें तर प्रोसेसरची नेमकी हीच गत होते, आणि आजारापेक्षां औषधानेंच रोगी दगावतो.

माग काढून झाला तरी तो छापणें हेंहि असेंच धोक्याचें काम होतें. छापण्याच्या खात्याला स्वतःचें कुलूप होतें. तें लागलेलें असतांना एनएमआय आला आणि त्यानें छापावयास घेतलें, तर वरील कारकुनाचाच प्रसंग ओढवे. म्हणून २०१६ सालीं अशा प्रसंगाचा मजकूर प्रथम निराळ्या जागेंत टिपून ठेवून मग सवडीनें छापण्याची व्यवस्था झाली; आणि २०२० च्या अखेरीस लिनक्समध्यें कुलुपावांचून लिहितां येईल अशी नवी नोंदवही आली. मागासाठीं लागणारी जागाहि आयत्या वेळीं मागत नाहींत. ती आधींच राखून ठेवतात, आणि पायऱ्यांची संख्या ठरवून देतात. यंत्राचा वेळ कोठें जातो हें मोजणाऱ्या 'पर्फ' नांवाच्या साधनांत ही मर्यादा मूळची १२७ पायऱ्यांची आहे. माग त्याहून लांब निघाला तर पुढचा भाग सोडून देतात. अपुरा माग चालतो, पण जागा ओलांडून दुसऱ्याच्या स्मृतीवर लिहिणें चालत नाहीं.

आतां प्रत्यक्ष माग काढण्याच्या रीति पाहूं. चळतीवर सर्व आंकडेच असतात. त्यांतला कोणता परतीचा पत्ता आणि कोणता साधा हिशेबाचा, हें वरून ओळखूं येत नाहीं. पहिली रीति अंदाजाची. चळतीवरील एकेक घर तपासावयाचें आणि त्यांतील आंकडा गाभ्याच्या आज्ञा जेथें असतात त्या प्रदेशांतला दिसला तर तो परतीचा पत्ता समजावयाचा. ही रीति कधीं अडत नाहीं, पण फसवी आहे. मघांच संपून गेलेल्या एखाद्या फंक्शनचा जुना पत्ता पुसला न जातां तसाच पडून राहिलेला असतो. तोहि ह्या यादींत जिवंत म्हणून येतो. मतदारांच्या यादींत गांव सोडून गेलेल्यांचीं नांवें रहावींत तसाच हा प्रकार. म्हणून लिनक्सच्या छापील मागांत ज्या ओळीची खात्री पटलेली नाहीं तिच्यामागें प्रश्नचिन्ह घालतात. हें प्रश्नचिन्ह फार मोलाचें आहे. चळत बिघडली असेल तर अंदाजानें मिळालेलें नांवहि कधीं कधीं तपासाला वाट दाखवितें; मात्र तें अंदाजाचें आहे हें त्याच्या अंगावरच लिहिलेलें असतें.

दुसरी रीति चौकटींची. प्रत्येक फंक्शन काम सुरू करतांना चळतीवर आपली एक चौकट आंखतें, आणि मागच्या फंक्शनची चौकट कोठें आहे तें तिच्यांत लिहून ठेवतें. परतीचा पत्ता नेमका त्याच्या शेजारच्या घरांत असतो. म्हणजे चौकटी एका दोऱ्यांत ओवल्या जातात, आणि दोरा धरून मागें मागें जातां येतें. ही रीति सोपी, जलद आणि बहुतांशीं विश्वसनीय आहे. पण तिची किंमत रोज मोजावी लागते. गाभ्यांतील प्रत्येक फंक्शनला, कधीं माग काढावयाचा असो वा नसो, चौकट आंखण्याचें आणि पुसण्याचें काम वाढतें, आणि प्रोसेसरच्या मोजक्या रजिस्टरांपैकीं, म्हणजे हाताशीं असलेल्या जलद घरांपैकीं, एक कायमचें अडकून पडतें. इंटेल जातीच्या ६४ बिटी यंत्रांवर गाभ्याचा आज्ञाभाग त्यामुळें सुमारें ३.२ टक्क्यांनीं वाढतो, आणि कांहीं प्रकारच्या कामांत वेग ५ ते १० टक्क्यांनीं घटल्याचें मोजमापांत दिसून आलें. शिवाय ह्या रीतींत एक भोंकहि आहे. फंक्शन नुकतेंच सुरू झालें आहे, चौकट अजून आंखलेली नाहीं, आणि त्याच क्षणीं व्यत्यय आला, तर दोऱ्यांतला एक मणी गळतो आणि बोलावणाऱ्याचें नांव मागांतून नाहींसें होतें. कागद पूर्ण दिसतो, पण खरा नसतो.

तिसरी रीति कोष्टकांची. कोणत्या आज्ञेपाशीं असतांना परतीचा पत्ता चळतीच्या टोंकापासून किती अंतरावर असेल, हें आज्ञा तयार करतांनाच ठाऊक असतें. मग चौकटी आंखण्याऐवजीं हीं अंतरेंच एका कोष्टकांत लिहून ठेवलीं तर रोजचा खर्च वांचेल. दोष शोधणाऱ्या साधनांसाठीं 'ड्वार्फ' नांवाची अशी एक कोष्टकपद्धति पूर्वींपासून होती. ड्वार्फ म्हणजे बुटका. २००६ सालीं ती लिनक्सच्या गाभ्यांत घेण्यांत आली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत काढून टाकण्यांत आली. ती फार गुंतागुंतीची होती. तिचीं कोष्टकें हातानें लिहिलेल्या यंत्रभाषेच्या भागांत पुष्कळदां चुकलेलीं असत. आणि संकटाच्या वेळीं माग काढावयास गेलेला प्रोग्राम स्वतःच कोसळूं लागला. चोर पकडावयास पाठविलेल्या शिपायानेंच घर पाडावें तसें हें झालें.

ह्या अनुभवांतून पुढें चौथी रीति निघाली, आणि ती नोव्हेंबर २०१७ मध्यें लिनक्सच्या ४.१४ ह्या आवृत्तींत आली. तिचे कर्ते जॉश पॉइंबॉफ. तिचें नांव 'ऑर्क'. आधुनिक अद्भुतकथांत ऑर्क हे बुटक्यांचे हाडवैरी मानलेले आहेत. ड्वार्फला उत्तर म्हणून हें नांव विनोदानें दिलें. तत्त्व तेंच, कोष्टकाचें. पण कोष्टक अगदीं साधें. प्रत्येक नोंदींत जेमतेम एवढेंच असतें कीं, अमुक आज्ञेपाशीं मागची चळत कोणत्या रजिस्टरापासून किती अंतरावर आहे. दुसरा फरक अधिक महत्त्वाचा. हीं कोष्टकें आज्ञा तयार करणाऱ्या साधनाच्या शब्दावर विसंबून न राहतां, 'ऑब्जटूल' नांवाचा निराळा तपासनीस तयार झालेल्या आज्ञा एकेक वाचून स्वतः बनवितो, आणि कोठें विसंगति आढळली तर आरंभींच तक्रार करतो. म्हणजे तपासणी संकटाच्या वेळीं नव्हे, तर यंत्र चालू होण्यापूर्वींच होते. ह्या रीतीला स्मृतींत दोन ते चार मेगाबाइट जागा अधिक लागते. पण गाभ्याचा रोजचा वेग कमी होत नाहीं, आणि फंक्शनच्या पहिल्या आज्ञेपाशीं व्यत्यय आला तरी मणी गळत नाहीं.

रीति कोणतीहि असो, माग काढणाऱ्यानें प्रत्येक पाऊल चांचपून टाकावयाचें असतें. बिघडलेल्या चळतीवरील आंकडा कोठेंहि बोट दाखवील. तेथें डोळे मिटून गेल्यास नसलेल्या स्मृतींत पाय पडून दुसरा अपघात होईल. म्हणून पुढचें घर वाचण्यापूर्वीं तें ह्याच चळतीच्या हद्दींत आहे कीं नाहीं हें पाहतात. प्रत्येक पाऊल मागेंच पडलें पाहिजे, पुन्हां पुढें येतां कामा नये, हेंहि पाहतात. नाहीं तर वाट चुकलेला प्रवासी रानांत घिरट्या घालतो तसा तो कायमचा फिरत राहील. त्यांत भर म्हणजे चळत एकच नसते. प्रत्येक कामाची एक, व्यत्ययांची निराळी, एनएमआयची निराळी, आणि कांहीं भयंकर दोषांसाठीं राखून ठेवलेल्या आणखी निराळ्या. माग एका चळतीवरून दुसरीवर उडी मारतो. अशा वेळीं ज्या चळतींतून एकदां जाऊन आलों तिच्यावर खूण करतात, आणि खूण केलेली चळत पुन्हां आली तर तेथेंच थांबतात.

स्वतःचा माग काढणें एक, आणि दुसऱ्याचा काढणें दुसरें. निजलेल्या कामाची चळत स्थिर असते. तें निजतांना चळतीचें टोंक कोठें होतें ह्याची नोंद गाभ्यापाशीं असते, आणि तेथून माग सुरू करतां येतो. परंतु माग चालू असतांनाच तें काम संपून त्याची चळत दुसऱ्याला देऊन टाकली गेली तर? म्हणून आधीं त्या चळतीवर आपला हक्क नोंदवावा लागतो, आणि तो मिळाला नाहीं तर निमूटपणें परत फिरावें लागतें. दुसऱ्या प्रोसेसरवर धांवत असलेल्या कामाची चळत तर क्षणोक्षणीं बदलत असते. ती बाहेरून वाचणें म्हणजे धांवत्या गाडीच्या चाकाचे आरे मोजणें. तेथें उपाय एकच: त्या प्रोसेसरला व्यत्यय पाठवून त्याच्याचकडून त्याचा माग काढवून घ्यावयाचा. यंत्र अडकलें असतां एका विशिष्ट कळीनें सर्व प्रोसेसरांचे माग मागवितां येतात, ते ह्याच रीतीनें.

ह्या सर्व काळजीनंतरहि माग काय सांगतो आणि काय सांगत नाहीं, हें वाचणाऱ्यानें विसरतां कामा नये. चळतीवर असतो तो परतीचा पत्ता. म्हणजे 'पुढें कोठें जावयाचें' हें तेथें लिहिलेलें असतें, 'कोठून आलों' हें नव्हे. बहुधा दोन्ही एकच असतात, पण नेहमीं नाहीं. एखाद्या फंक्शनचें शेवटचें काम दुसऱ्याला बोलावणें हेंच असेल, तर तें परतीचा पत्ता न ठेवतां सरळ तिकडे उडी मारतें, आणि मागांत त्याचें नांवच येत नाहीं. ज्या फंक्शनकडून कधींच परत यावयाचें नसतें त्याला शेवटच्या आज्ञेनें बोलावलें, तर परतीचा पत्ता शेजारच्या फंक्शनच्या दारांत पडतो, आणि निरपराध शेजाऱ्याचें नांव छापलें जातें. हें टाळण्यासाठीं नांव शोधतांना पत्त्यांतून एक वजा करतात. कांहीं निरीक्षणसाधनें तर फंक्शन केव्हां परत येतें हें टिपण्यासाठीं परतीचा पत्ताच बदलून तेथें स्वतःचा घालतात. अशा वेळीं खरा पत्ता त्यांच्या वहींतून मागून घ्यावा लागतो.

मग इतकी खटपट कशासाठीं? एखाद दुसरें नांव चुकलें तर काय बिघडलें? दोष शोधणाऱ्याला खरोखरच फारसें बिघडत नाहीं. तो तारतम्यानें वाचतो. परंतु २०१५ पासून लिनक्समध्यें चालू गाभ्याची दुरुस्ती करण्याची सोय आहे. यंत्र बंद न करतां दोषयुक्त फंक्शन काढून त्या जागीं नवें बसवितात. धांवत्या गाडीचें चाक बदलण्यासारखें हें काम. तें बदलण्यापूर्वीं जुन्या फंक्शनांत कोणी अर्धवट काम ठेवून निजलेलें नाहीं ना, ह्याची खात्री हवी. २०१७ पासून ही खात्री चळतीच्या मागावरून करून घेतात. एकेका कामाचा माग काढून पाहतात. त्यांत जुन्या फंक्शनचें नांव नसेल तरच तें काम नव्या व्यवस्थेकडे वळवितात, नाहीं तर थांबून पुन्हां पाहतात. येथें वाचणारा मनुष्य नाहीं, यंत्रच आहे. त्याला तारतम्य नाहीं. मागांतून एक नांव गळलें, तर कोणी आंत असतांनाच जमीन काढून घेतल्यासारखें होईल. म्हणून ह्या कामासाठीं निराळा, अधिक कडक माग आहे. त्याचें उत्तर दोनच प्रकारचें: संपूर्ण माग, किंवा 'सांगतां येत नाहीं'. चौकटींच्या रीतींत गाभ्याच्या कामांत व्यत्यय आल्याची खूण चळतीवर दिसली, तर तेवढ्यानेंच तो माग अविश्वसनीय ठरवितात. प्रश्नचिन्हाला येथें जागा नाहीं.

शेवटीं गुप्ततेचा प्रश्न. कोणाचें काम गाभ्यांत काय करीत आहे हें मागांवरून कळतें. आणि पत्ते उघड झाले तर गाभा स्मृतींत कोठें वसला आहे हें शत्रूला समजतें. हें समजूं नये म्हणूनच २०१४ पासून लिनक्सचा गाभा प्रत्येक वेळीं निराळ्या जागीं मांडण्याची सोय झाली. हा विचार करून २०१८ सालीं कोणत्याहि कामाचा गाभ्यांतील माग पाहण्याचा अधिकार यंत्राच्या मुख्य व्यवस्थापकापुरता मर्यादित करण्यांत आला. साक्षीदाराची जबानी चौकशीसाठीं असते, बाजारांत वांटण्यासाठीं नसते.

ह्या सर्व व्यवस्थेचें सार पाहिलें तर तें न्यायाच्या कामांतल्या नेहमींच्या शिस्तीहून फारसें निराळें नाहीं. तपास करतांना घटनास्थळ बिघडवूं नये. दुसऱ्याला अडवून तपास करूं नये. ऐकीव आणि पाहिलेलें ह्यांत भेद ठेवावा. आणि ज्याची खात्री नाहीं त्याविषयीं खात्रीनें बोलूं नये. मनुष्याला हे नियम सांगितले तर तो मान डोलावतो आणि पुष्कळदां विसरतो. यंत्राला मात्र ते अक्षरशः लिहून द्यावे लागतात, आणि एक नियम लिहावयाचा राहिला तर मध्यरात्रीं कोठल्या तरी रुग्णालयांतला संगणक थांबतो. गेल्या वीस वर्षांत ते एकेक करून लिहिले गेले. आणि त्यांतले पुष्कळ, एखादें यंत्र तसें थांबल्यानंतरच लिहावयास सुचले.